पोटावरची पिशवी घेऊन स्क्रममध्ये

माझ्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, एक पिशवी चिकटवलेली आहे. माझी संडास तिच्यात जमा होते. एवढं लिहिलं आणि मी उठून हात धुऊन आलो. हातांना काहीच लागलेलं नव्हतं.

ज्यांना अशी पिशवी लागली आहे किंवा लागणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दवाखान्यातून सुटी देताना मला एक रंगीत पुस्तिका मिळाली होती. तिच्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतलं एक जोडपं बागेत फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं की तुम्ही पूर्वीसारखंच आयुष्य जगू शकता. पिशवी पहिल्यांदा गळली तेव्हा मी ती पुस्तिका गादीवर अंथरली. तिचा तेवढाच उपयोग झाला. किळस हा शब्द तिच्यात कुठेच नव्हता आणि मला तर सकाळी डोळे उघडल्यापासून तेवढंच वाटत होतं. स्वतःच्या शरीराची किळस, दवाखान्याची किळस, भेटायला येणाऱ्यांची किळस. तर मी त्याबद्दलच लिहीन. आजाराची शास्त्रीय माहिती तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त आहे.

वडनेर ते पुणे

माझं नाव प्रवीण. गाव वडनेर भोलजी, बुलढाणा जिल्ह्यातलं. हायवेला लागून बाबांचं ट्रॉल्या वेल्डिंग करायचं दुकान आहे. शाळेत मी कबड्डी खेळायचो. अंगाने थोराड होतो आणि एकदा धरलेला माणूस सोडायचो नाही, एवढंच माझं भांडवल. बारावीनंतर पुण्याला कॉलेजात गेलो. तिथल्या क्रीडाशिक्षकांनी मला एका पोराला उचलून आपटताना पाहिलं आणि म्हणाले, "तू चुकीचा खेळ खेळतोयस."

त्यांनी मला रग्बीच्या मैदानावर नेलं. सुट्टीत घरी येऊन मी मायला हा खेळ समजावून सांगितला. ती भाकरी थापता थापता ऐकत होती.

"म्हंजे अंड्यासारखा बॉल घेऊन पळा लागते, अन् बाकीचे अंगावर येऊन पडतात?"

"हाव."

"मंग हे शिकाले पुन्याले कायले जा लागते बे?"

पण मी शिकलो. आधी कॉलेजचा संघ, मग राज्याचा, आणि मग एका व्यावसायिक लीगमधल्या संघाने मला करार देऊन घेतलं. खेळण्याचा पगार मिळतो हे बाबांना पटायला बराच वेळ लागला. आमचा प्रकार सात-सात जणांचा. त्यात स्क्रम असतो: दोन्ही संघांचे तीन-तीन जण वाकून, एकमेकांच्या खांद्यांना मिठी मारून, समोरच्यांच्या डोक्यांशी डोकी भिडवतात आणि मधल्या चेंडूसाठी ढकलतात. या तिघांतला मधला तो हुकर. मी हुकर होतो. माझ्या डाव्या खांद्याला सागर असायचा, कोल्हापूरचा. बोलणं तिखट आणि खांदा भिंतीसारखा.

घाणीचं मला कधी वावडं नव्हतं. तोंडात चिखल गेला आहे, दुसऱ्याचा घाम डोळ्यांत गेला आहे, उन्हात पळून पळून बाजूच्या रेषेवर ओकलो आहे आणि चूळ भरून परत आत गेलो आहे. नवीन पोरांनी नाक मुरडलं की मी हसायचो. मला कशाचीच किळस येत नाही असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

रक्त

सराव शिबिरात, हॉटेलच्या बाथरूममध्ये, मला पहिल्यांदा रक्त दिसलं. संघाच्या फिजिओला सांगितलं. तो म्हणाला, मूळव्याध असेल, तिखट कमी कर. मी कमी केलं. रक्त कमी झालं नाही.

मग घाई सुरू झाली. साधी घाई नव्हे. पोटात कुणीतरी ओला कपडा पिळावा तशी कळ यायची आणि तिच्यानंतर फार वेळ मिळायचा नाही. कुठल्याही गावात, कुठल्याही मैदानावर गेलो की मी आधी संडास शोधून ठेवायला लागलो. आपल्याकडच्या मैदानांवरच्या संडासांबद्दल काय सांगू? पाणी नाही, कडी नाही, कोपऱ्यात गुटख्याच्या पुड्या, आणि आधीच्या माणसाने सोडून दिलेलं सगळं तसंच. तिथे मी डोकं भिंतीला टेकवून बसायचो. ती भिंतही चिकट असायची.

आमच्या सरावाच्या चड्ड्या पांढऱ्या होत्या. कुणी ठरवलं होतं कोण जाणे. एका सकाळी टॅकलचा सराव सुरू असताना कळ आली आणि मी धावत सुटलो, पण पोहोचलो नाही. पाठीमागून कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणीतरी म्हणालं, "अरे, याला डायपर आणा रे." हसणारे माझेच लोक होते. ज्यांच्यासोबत मी एका ताटात जेवलो होतो.

सागर हसला नाही. तो माझ्यामागे आला, बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "भावा, ही मूळव्याध न्हाई. माझ्या चुलत्याला हाय मूळव्याध, मला ठाव हाय. तू मोठ्या डॉक्टरकडं जा. आजच्या आज."

तपासणीचा दिवस

रूपाली माझी बायको. मेहकरची. लग्नाला जेमतेम वर्ष होत आलं होतं आणि पुण्यात आम्ही एका खोलीत राहत होतो. तपासणीला ती सोबत होती. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यात मिसळून प्यायचं असतं. लिंबाचा वास मारलेलं साबणाचं पाणी, ते पण मोठं भांडं भरून. प्रत्येक ग्लासाला मी शहारत होतो आणि ती समोर बसून, "घ्या, अजून एक," म्हणत होती.

डॉक्टरांनी मला पडद्यावर माझं आतडं दाखवलं. मी रग्बीत फाटलेल्या भुवया आणि सोललेली ढोपरं पाहिली आहेत, त्यामुळे ते चित्र मला ओळखीचं वाटलं. सोललेल्या ढोपरासारखंच होतं, लाल आणि चिघळलेलं. फक्त ते सगळं आत होतं आणि बरंच लांबवर गेलेलं होतं.

"अल्सरेटिव्ह कोलायटिस," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. का होतात हे नीट कुणालाच माहीत नाही. औषधाने आटोक्यात राहतं, पण पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही."

रूपालीने विचारलं, "यांना खेळता येईल का?"

"आधी जेवता येऊ दे," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही रसवंतीवर बसलो. तिने दोन ग्लास मागवले आणि दोन्ही तिनेच प्यायले. मग म्हणाली, "मले वाटलं कॅन्सर सांगतात का काय. चला, हे तरी नाई." आणि रडली. मी तिच्याकडे पाहत बसलो. मला तेव्हा रडू आलं नाही. पांढऱ्या चड्डीचा तो दिवसच डोळ्यांसमोर होता आणि हे आता रोजचं आहे, एवढंच कळत होतं.

"आरोग्य आधी"

औषधांत स्टेरॉइड होतं. स्पर्धेच्या काळात त्याला परवानगी काढावी लागते, नाहीतर खेळाडूवर बंदी येते. संघाच्या व्यवस्थापकांना भेटलो. त्यांच्या खोलीत एसी इतका होता की माझ्या पोटात पुन्हा कळ आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रवीण, तू आमचा फॅमिली मेंबर आहेस. आरोग्य आधी. खेळाचं नंतर बघू."

करार संपला तेव्हा नवा केला नाही. सांगायला फोनही आला नाही. संघाच्या नव्या पोस्टरवर माझ्या जागी दुसरा हुकर होता आणि त्याच्या अंगावर माझा नंबर होता. मला त्या पोराचा राग आला नाही. त्या "फॅमिली मेंबर"ची शिसारी आली. अजून येते. कुणी मला तसं म्हटलं की मी आधी दार कुठे आहे ते बघतो.

ओसरी

आम्ही वडनेरला परतलो. स्टेरॉइडने माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. गावातले म्हणायचे, "तब्येत सुधारली बाप्पा तुही!" खाली हातपाय काड्या झाले होते ते पँटमध्ये दिसत नव्हतं.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमायची. चहा व्हायचा. आणि चहा पिता पिता, माझी माय, माझी बायको समोर असताना, माझ्या संडासची चर्चा व्हायची.

"किती खेपा जा लागते?"

"पातळ व्हते का घट्ट?"

"रक्त कसं, लाल का काळं?"

बशीत चहा ओतून, फुंकर मारून, हे विचारायचे. मी उत्तरं द्यायचो, कारण मोठी माणसं होती. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी होता ज्याला अगदी असंच झालं होतं, आणि तो एक तर ताक पिऊन बरा झाला होता किंवा मेला होता.

मोठ्या काकांनी एका माणसाकडून काळी लापशी आणली. तो म्हणे गॅरंटीने आतडी धुऊन काढायचा. मी नको म्हणत होतो. माय म्हणाली, "घेऊन तर पाय. तुह्या काकानं एवढ्या दुरून आनली." आधीची औषधं बंद करून ती घ्यायची होती. तिला जळक्या ऑइलचा वास होता. तिने माझी आतडी खरंच धुतली. चौथ्या-पाचव्या दिवशी मला उभं राहता येईना आणि दुपारी मोरीत पडलो तेव्हा खाली सगळं रक्तच होतं. काका त्यानंतर ओसरीवर बसायला आले नाहीत.

अकोला

बाबांनी शेजाऱ्यांची गाडी काढली आणि मला अकोल्याला नेलं. मागच्या सीटवर माझ्याखाली खताची रिकामी पोती अंथरली होती. त्या पोत्यांचा वास आणि माझा वास. बाबा खिडकी उघडायचे, धूळ यायची, मग बंद करायचे.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर एक बाई होत्या. त्या सरळ बोलल्या. मोठं आतडं फुटायला आलं आहे, ते काढावं लागेल, आणि लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून तिथे पिशवी लावावी लागेल.

मी म्हणालो, "पिशवी नको. मेलो तरी चालेल."

मी ते मनापासून म्हणालो होतो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा गडी, एकेकाळी राज्याच्या संघाचा हुकर, आणि पोटावर गू घेऊन फिरायचं? बाबा खाली मान घालून उभे होते.

रूपाली पुढे आली. डॉक्टर तिथेच होत्या, नर्स होती, तिने कुणाकडे पाहिलं नाही.

"मरा मंग," ती म्हणाली. "पन एक सांगून मरा. त्या खेळात तुमचा दात पडला तवा तुमी हसत घरी आलते. बोट मोडलं तवा फोटो काढून मले धाडला. अन् आता आतडं गेलं तर मरता काऊन? आतडं का दातापेक्षा इज्जतदार हाय?"

डॉक्टर म्हणाल्या, "वेळ नाहीये." मी मान हलवली.

शुद्धीवर आल्यावर बरेच दिवस मी तिकडे पाहिलंच नाही. वॉर्डात सकाळी फिनेल, मग इडली, मग ड्रेसिंग, असे वास ठरलेल्या क्रमाने यायचे आणि एकमेकांत मिसळायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक डब्यात मासे आणायचे. वरणाचं पाणी यायचं, त्यावर साय धरलेली. डॉक्टरांचा राउंड आला की सगळ्यांनी गप्प व्हायचं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या पोटावरून आवाज निघायचा. त्या आवाजावर काहीही काबू नसतो, दाबून धरता येत नाही. शिकाऊ डॉक्टरांतली एक मुलगी वहीत तोंड खुपसून हसायची.

शेवटी एकदा पाहिलं. ओलं, लालभडक, बोटभर वर आलेलं, आणि ते हलत होतं. स्वतःच. मी झोपलेलो होतो, पोट स्थिर होतं, आणि ते गोगलगायीसारखं आकसत-फुलत होतं. मी तोंड वळवलं आणि ओकारी आली. ओकारी आली की टाके ओढले जातात. म्हणजे किळससुद्धा धड करता येत नव्हती.

चांगलंही काही झालं, ते सांगायला हवं. एक नर्स कुणी न सांगता प्रत्येक वेळी पडदा ओढायची. अगदी कोपऱ्यापर्यंत, फट न ठेवता. आणि बर्फाचा खडा. पाणी बंद असताना जिभेवर ठेवायला दिलेला तो पहिला खडा. त्या चवीसारखं मी अजून काही खाल्लेलं नाही.

"येते किळस"

घरी आल्यावर सगळे फार चांगले वागायला लागले. त्याचाच त्रास व्हायला लागला. बहीण भाऊबीजेला आली आणि म्हणाली, "मले काई वाटत नाई, दादा." असं म्हणताना तिने पदर नाकाला लावला होता. मायने गावात अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं. माझी बादली वेगळी झाली, चादरी वेगळ्या झाल्या, आणि मी जेवायला बसलो की मायला नेमकं काहीतरी काम आठवायचं. विचारलं की म्हणायची, "मले काय वाटनार आहे बाप्पा? माह्या पोटचं लेकरू हायस तू."

पिशवी बदलायचं काम रूपाली करायची. एके दिवशी सकाळी ती कातडीवरून सोलताना सगळं सांडलं. तिच्या हातावर, गादीवर, माझ्या मांडीवर. गरम. ती उठली, मोरीकडे धावली आणि ओकली. आवाज अख्ख्या घराला ऐकू गेला. मग चूळ भरून परत आली, हात धुतले, आणि खाली बसून उरलेलं पुसायला लागली.

मी म्हणालो, "तुला किळस येते."

"येते," ती म्हणाली. "लय येते. काल बी आली. मी कोनाले सांगतलं का येत नाई म्हनून?"

"मग का करतेस?"

"तुमाले नाई येत का?"

"येते."

"मंग? दोघाईले येते. पाय उचला, खालून पुसू द्या."

हे मी इतकं तपशिलाने सांगतो आहे, कारण त्या दिवशी मला गाढ झोप लागली. इतके महिने लोक मला सांगत होते की काहीच झालेलं नाही. एका माणसाने कबूल केलं की घाण आहे.

पण मायला ते ओकणं लागलं. दुपारी ती रूपालीला म्हणाली, "एवढा तरास व्हतो तर माहेरी जा चार दिवस. मी पाईन माह्या लेकाचं." शब्दाला शब्द वाढला. रूपालीने पिशवी भरली, कपड्यांची, आणि नांदुऱ्याहून एसटीने मेहकरला गेली. मला काही विचारलं नाही. मी अडवलंही नाही.

मायने पाहिलं नाही. तिला जमेचना. पहिल्या दिवशी ती खोलीच्या दारापर्यंत आली, मी पिशवी काढून बसलेला दिसलो आणि ती तिथूनच वळली. स्वयंपाकघरात तिचं रडणं मला ऐकू येत होतं. मी तिला दोष देत नाही. मग मीच शिकलो. आरसा मांडीवर ठेवून, कात्रीने पिशवीचं भोक मापाने कापून, कातडी कोरडी करून चिकटवायला. पहिल्या वेळेला सगळं अंगणापर्यंत गेलं. मी स्वतःला इतक्या घाण शिव्या दिल्या की बाबांनी दुकानातलं मशीन बंद केलं.

काही आठवडे गेले. फोन व्हायचे, दोन वाक्यांचे. मला वाटलं होतं की ती आता येणार नाही, आणि आली नाही तर तिला कुणी नावं ठेवू नयेत असंही वाटत होतं. मग एका दुपारी ती रिक्षातून उतरली. माय दारात होती. तिने रूपालीच्या हातातलं सामान घेतलं.

खोलीत आल्यावर मी विचारलं, "काऊन आली?"

ती पंख्याखाली बसली. "तिथं सारे मले इचारून राह्यले, कसं काय करते बाप्पा तू, कसं काय सहन व्हते. काकू इचारे, मामी इचारे, शेजारीन इचारे. काल मीच इचारलं, तुमच्या घरी कोनी हगत नाई काय?"

मी हसलो. हसल्याने पिशवीतून आवाज निघाला. ती पण हसली, मग नाक धरलं, मग खिडकी उघडली.

"उलटी येईन तवा उलटी करीन," ती म्हणाली. "करून येईन अन् जेवाले बसीन. पन त्यावरून मले कोनी माहेरी धाडाचं नाई. तुमी बी नाई."

व्हिडिओ

अंग भरायला वर्ष लागलं. आधी दुकानापर्यंत चालायचो, मग हायवेच्या कडेने, मग बाबांनी लोखंडी पट्टीला कडी मारून दिली आणि मी ट्रकचा टायर ओढायला लागलो. त्या काळात संघाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. तेच फॅमिलीवाले. त्यांना माझ्यावर एक प्रेरणादायी व्हिडिओ करायचा होता. मैदानात उभं राहायचं, जर्सी वर करायची, पिशवी दाखवायची, मागे संगीत.

"आणि रडू आलं तर थांबवू नकोस," ते म्हणाले. "नॅचरल यायला पाहिजे."

"पिशवी रिकामी हवी का भरलेली?" मी विचारलं.

"म्हणजे... स्वच्छ दिसली तर बरं."

मी फोन ठेवला. नंतर त्यांनी त्या व्हिडिओसाठी दुसऱ्या एका खेळाडूचा मोडलेला गुडघा घेतला म्हणे.

सागरचा फोन त्यानंतरचा. तो आता त्याच्या कोल्हापूरच्या क्लबकडून खेळत होता, साध्या, बिनपगारी. बुलढाण्याला क्लबांची एक स्पर्धा होती आणि त्यांचा हुकर जायबंदी झाला होता. "तुझ्या दारात येतोय लगा आम्ही," तो म्हणाला. "येतोस का न्हाई?"

मी अकोल्याला डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी हर्निया होऊ शकतो, मार बसू शकतो, सगळं स्पष्ट सांगितलं. "मी हो म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "धोका सांगितला. पट्टा आणि मऊ पॅड बांधल्याशिवाय उतरायचं नाही. बाकी तू मोठा आहेस." माझं पाहून कुणी उतरू नका. प्रत्येकाचं पोट वेगळं असतं, आपापल्या डॉक्टरांना विचारा. मी उतरलो, एवढंच सांगतो आहे.

बुलढाणा

रूपाली आणि बाबा बघायला आले होते. पहिला सामना बरा गेला. दुसऱ्या सामन्यात, उत्तरार्धात, मी चेंडू घेऊन घुसलो आणि समोरच्या दोघांनी मला कमरेत धरून खाली आणलं. वर आणखी माणसं पडली. पॅड सरकलेलं मला जाणवलं. मग पोटावर ऊब पसरली.

ढिगाऱ्यात आधी कुणाला कळलं नाही. मग एकजण उडी मारून उठला. "शी! अरे काय आहे हे?" दुसऱ्याने हात गवताला पुसायला सुरुवात केली. माझ्याभोवती गोल मोकळी जागा झाली. जर्सी पोटाला चिकटली होती, पिवळट डाग मोठा होत होता. वास तर लपत नाहीच. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, कुणीतरी "डॉक्टर, डॉक्टर" ओरडलं.

समोरच्या संघाच्या कर्णधाराने रेफरीला विचारलं, "सर, अशा माणसाला खेळवायचा नियम आहे का?"

रेफरी तरुण होता, गडबडला. "रक्त आलं तर बाहेर जाऊन पट्टी बांधून यायचा नियम आहे," तो म्हणाला. "याच्याबद्दल... तात्पुरता बाहेर जाऊ दे. साफ करून आला तर येऊ दे."

मी उठलो नव्हतो. मला उठायचंच नव्हतं. पांढऱ्या चड्डीचा दिवस मी एकदा काढला होता, आता पुन्हा सगळ्या मैदानाच्या मधोमध. मला माझी, त्या गवताची, त्या खेळाची, सगळ्याची इतकी शिसारी आली की वाटलं असंच पडून राहावं आणि सगळ्यांनी निघून जावं.

सागर वाकला. नाक आक्रसलं होतं त्याने, लपवलं नाही. "वास लई बेकार हाय भावा," तो म्हणाला. "ऊठ. धू आणि ये. तोवर आम्ही सहा जणांत रेटतो."

रेषेबाहेरून रूपाली येत होती. एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्यात माझ्या सामानाची थैली. सगळं मैदान ओलांडून, लोकांच्या देखत, तोंडाला ओढणी गच्च बांधून. तिच्यामागे बाबा, घडी घातलेली चादर घेऊन. मैदानाच्या कडेला पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या मागे बाबांनी आमच्याकडे पाठ करून चादर दोन्ही हातांनी धरली. रूपालीने जर्सी काढली, पाणी ओतलं, पुसलं. ओढणीच्या आतून ती शिव्या देत होती. पिशवी बनवणाऱ्याला, मला धरणाऱ्या दोघांना, हसणाऱ्या प्रेक्षकाला, सगळ्यांना.

"जायचं का परत?" मी विचारलं.

"मले काय इचारता? मी का हुकर हाय?" तिने नवी पिशवी दाबून बसवली, तळहात वर ठेवून जरा वेळ धरून राहिली, म्हणजे पक्की चिकटते. मग पट्टा ओढला. "बसली. जा."

थैलीतली दुसरी जर्सी घालून मी आत गेलो. रेफरीने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि स्क्रम दिला.

सागरने माझ्या खांद्यावरून हात टाकला आणि मुठीत जर्सी धरली. उजवीकडच्या पोराने जरा सैल धरलं. सागर त्याच्यावर खेकसला, "नीट बांध की रं!" त्याने नीट धरलं. समोरचे तिघं उभेच होते. त्यांचा हुकर माझ्याकडे पाहत होता. हात गवताला पुसणारा तोच होता. खाली वाकलं की त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याशेजारी येणार होता, गाल गालाला लागेल इतका, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"निळे, तयार?" रेफरीने समोरच्या निळ्या जर्सीवाल्यांना विचारलं.

त्यांचा हुकर बाजूला थुंकला आणि वाकला.

डोकी भिडली. त्याचा कान माझ्या कानाला घासला, घामाने ओला. त्याने श्वास रोखून धरला होता, मला इतक्या जवळून कळत होतं. मीही रोखला होता. रेफरीने इशारा दिला, चेंडू आत आला आणि दोन्ही बाजूंनी जोर लागला. श्वास रोखून स्क्रम ढकलता येत नाही. आधी त्याने श्वास घेतला, मग मी. मी पाय पुढे टाकला, टाचेने चेंडू मागे ओढला, आणि तो आमच्या बाजूला निघाला.